टीसीएल-टीके युनिक्सवर बसवताना: कोण कोणाला कुठे शोधतं

पायथॉन शिकताना ज्यांनी टीकिंटर वापरून पहिली खिडकी उघडली, त्यांनी टीसीएल-टीके वापरलेलं आहे. मग ते नाव ऐकलेलं असो वा नसो. टीसीएल ही आज्ञा लिहायची भाषा आणि टीके हा तिच्यासाठीचा खिडक्या-बटणं बनवायचा संच. टीकिंटर हे टीकेवरचं पायथॉनचं पातळ आवरण आहे. आत खिडकी काढणारा, बटण दाबलं गेलं हे ओळखणारा कोड टीकेचाच असतो. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटचा इतिहास फांद्यांसकट दाखवणारं गिटके तर सरळ टीसीएलमध्येच लिहिलेलं आहे. आणि पुण्यात किंवा बंगळुरूत चिप डिझाइन करणाऱ्या कोणालाही विचारा: सिनॉप्सिस असो, केडन्स असो की व्हिव्हाडो, टूलला कामाला लावायची भाषा बहुतेक वेळा टीसीएलच.

आजच्या लिनक्सवर हे बसवायला एक ओळ पुरते. उबुंटूवर ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल टीके’, फेडोरावर ‘डीएनएफ इन्स्टॉल टीके’, की झालं. मग टर्मिनलमध्ये ‘विश’ टाइप करा, हा टीके चालवणारा प्रोग्रॅम. पडद्यावर एक छोटी रिकामी चौकट येते आणि टर्मिनलमध्ये टक्क्याचं चिन्ह उमटतं, म्हणजे आता आज्ञा द्या. ज्याचं काम एवढ्यावर भागतं त्याने पुढचं काही केलं नाही तरी चालेल.

पण सगळ्यांचं भागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कंपनीच्या सामायिक मशीनवर रूटचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्ड हाती नसतो. एखादं जुनं टूल टीसीएल-टीकेच्या ८.५ आवृत्तीवरच अडून बसतं आणि नवीन स्क्रिप्टला ८.६ हवं असतं. पायथॉन स्वतः कंपाइल केला की ‘_टीकिंटर नावाचं मॉड्यूलच नाही’ असं उत्तर येतं. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, दुसऱ्या मशीनवर गेलात की विश उघडायलाच नकार देतं. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात आणि शोधलं तर उत्तरंही वेगवेगळी मिळतात: अमुक व्हेरिएबल सेट करा, तमुक ठिकाणी लिंक टाका. लोक एकावर एक उपाय चढवत जातात आणि काही दिवसांनी त्या मशीनवर नेमकं काय चाललंय हे कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं की इथे समजून घ्यायची गोष्ट खरं तर एकच आहे. टीसीएल-टीके हा एका फाइलीत मावणारा प्रोग्रॅम नाही. तो सुरू होताना त्याचा एक तुकडा दुसऱ्याला शोधतो, दुसरा तिसऱ्याला. शेल (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) विशला शोधतं, विश आपल्या लायब्रऱ्या शोधतं, लायब्ररी आपल्या स्क्रिप्ट्स शोधते आणि शेवटी टीके पडदा शोधतं. जवळजवळ प्रत्येक एरर या चारपैकी एखादा शोध फसल्याची असते. कोणता फसला ते ओळखता आलं की उपाय सहसा एका ओळीचा असतो.

मुळात हे तुकडे का आहेत

१९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर जॉन ओस्टरहाउट आणि त्यांचे विद्यार्थी चिप डिझाइनची टूल्स लिहीत होते. मॅजिक हे त्यातलं नावाजलेलं. प्रत्येक टूलला आज्ञा द्यायला काही तरी भाषा लागायची आणि प्रत्येक वेळी ती घाईघाईने, अर्धीमुर्धी बनवली जायची, कारण सगळ्यांचं लक्ष टूलच्या मुख्य कामाकडे. ओस्टरहाउट यांनी ठरवलं की आज्ञा समजून घेणारा इंटरप्रिटर एकदाच नीट लिहायचा आणि तो लायब्ररी म्हणून ठेवायचा, म्हणजे कोणत्याही सी प्रोग्रॅमला तो आपल्या पोटात घेता येईल. १९८८ मध्ये त्यांनी टीसीएल लिहायला घेतली ती या हेतूने.

टीके त्यामागून आलं. त्या काळी सन, एचपी, सिलिकॉन ग्राफिक्स, डेक यांची युनिक्स वर्कस्टेशन्स विद्यापीठांमध्ये पसरत होती. बहुतेकांच्या पडद्यामागे एक्स विंडो सिस्टम (थोडक्यात एक्स) ही खिडक्या दाखवणारी व्यवस्था होती, पण एक्सवर सी भाषेत एक साधी खिडकी उघडायची म्हटलं तरी पानभर कोड लागायचा. टीकेमध्ये तेच काम दोन आज्ञांत होतं. पहिली आज्ञा बटण बनवते, त्याला नाव देते, त्यावरचा मजकूर आणि दाबल्यावर काय करायचं हे सांगते. दुसरी, ‘पॅक’, ते बटण खिडकीत मांडते. कंपाइल करणं नाही, लिंक करणं नाही. विश चालू असताना टाइप करा आणि बटण समोर हजर. चालू प्रोग्रॅमच्या बटणाचा रंगही तिथल्या तिथे बदलता येतो. १९९१ मध्ये टीके लोकांसमोर आलं तेव्हा वर्कस्टेशनवर काम करणाऱ्यांना याचं अप्रूप वाटलं यात नवल नाही. एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संघटनेचा १९९७ चा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार ओस्टरहाउट यांना याच कामासाठी मिळाला.

लायब्ररी म्हणून जन्मल्यामुळे त्याची मांडणी तशीच राहिली. बसवून झाल्यावर मशीनवर काय काय येतं ते पाहा. ‘बिन’ फोल्डरमध्ये दोन छोटे प्रोग्रॅम असतात: पडद्याविना चालणारा टीसीएलएसएच आणि खिडक्यांसह चालणारा विश. दोन्ही अगदी पोकळ आहेत. खरं काम ‘लिब’मधल्या दोन सामायिक लायब्रऱ्या करतात, एक टीसीएलची आणि एक टीकेची. त्याच ‘लिब’मध्ये टीसीएल८.६ आणि टीके८.६ अशी दोन फोल्डर असतात आणि त्यांत चक्क टीसीएलमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट्स असतात.

ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टीकेचं बटण पडद्यावर काढणारा कोड सीमध्ये आहे, पण माउस बटणावर आला की ते उजळायचं, दाबलं की आत जायचं, सोडलं की आज्ञा चालवायची, हे वागणं ‘बटन.टीसीएल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं आहे. ती उघडून वाचा. ग्राफिकल टूलकिट आतून कसं चालतं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. आणि म्हणूनच ही फोल्डर हरवली की टीके लंगडं चालत नाही, सुरूच होत नाही.

सोर्सपासून बसवणं

आधी टीसीएल, मग टीके. हा क्रम उलटा चालत नाही. दोन्हींचे सोर्स एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी उलगडा आणि आवृत्ती जुळती ठेवा. टीसीएल ८.६.१४ असेल तर टीकेही ८.६.१४. टीकेचा सोर्स कंपाइल होताना टीसीएलचा सोर्स आणि त्याच्या सेटिंगची फाइल शोधतो, आणि शेजारच्या फोल्डरमध्ये ती त्याला आपोआप सापडते.

सोर्समध्ये ‘युनिक्स’, ‘विन’, ‘मॅकओएसएक्स’ अशी वेगवेगळी फोल्डर असतात. आपण ‘युनिक्स’मध्ये जायचं. तिथे ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवायची, मग ‘मेक’, मग ‘मेक टेस्ट’, मग ‘मेक इन्स्टॉल’. यातलं ‘कॉन्फिगर’ महत्त्वाचं. ते तुमच्या मशीनची तपासणी करतं: कंपायलर कोणता, शब्द ३२ बिटांचा की ६४, सामायिक लायब्ररी बनवायची रीत कोणती, एक्सच्या हेडर फाइली कुठे. एकच सोर्स सोलारिसवर, एचपी-यूएक्सवर, आयरिक्सवर आणि लिनक्सवर चालत आला तो या तपासणीच्या जिवावर.

‘कॉन्फिगर’ला सांगायची पहिली गोष्ट म्हणजे ‘प्रीफिक्स’, अर्थात सगळं कुठे ठेवायचं. काही सांगितलं नाही तर /यूएसआर/लोकल धरलं जातं. रूट नसाल तर प्रीफिक्स म्हणून स्वतःच्या होम फोल्डरमधली एखादी जागा द्या. काहीही अडत नाही, सगळं टीसीएल-टीके कोणाची परवानगी न घेता तिथे नीट चालतं. मात्र ही जागा विचार करून ठरवा, कारण ती कंपाइल होताना लायब्ररीच्या आत कोरली जाते. नंतर फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तर काय होतं ते पुढे येईलच.

प्रीफिक्सचा एक भाऊ आहे, ‘एक्झेक-प्रीफिक्स’. आज त्याची गरज क्वचित पडते, पण तो कशासाठी होता हे कळलं की सगळ्या मांडणीचा अर्थ लागतो. जुन्या लॅबमध्ये /यूएसआर/लोकल हे एका सर्व्हरवर असायचं आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून, सगळ्या वर्कस्टेशन्सना दिसायचं. पण सनचा प्रोग्रॅम एचपीवर चालणार नाही. स्क्रिप्ट्स मात्र मजकूर असल्यामुळे दोघांना सारख्याच चालतात. मग मजकुराच्या फाइली प्रीफिक्समध्ये एकदाच ठेवायच्या आणि प्रोग्रॅम व लायब्रऱ्या प्रत्येक जातीच्या मशीनसाठी वेगळ्या एक्झेक-प्रीफिक्समध्ये. डिस्क महाग होती आणि अ‍ॅडमिन एकटाच असायचा, तेव्हा ही सोय फार मोलाची होती. आजही एकाच क्लस्टरवर इंटेल आणि आर्म अशी दोन्ही मशीन असतील तर ती तितकीच कामाची आहे.

टीकेला ‘कॉन्फिगर’ करताना स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळींवर नजर ठेवा. त्यात दोन ठिकाणी थांबायला हवं. एक, एक्सच्या हेडर सापडल्या का. डेबियन घराण्यात त्या ‘लिबएक्स११-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. सोलारिसवर त्या /यूएसआर/ओपनविन खाली असायच्या आणि ‘एक्स-इन्क्लूड्स’, ‘एक्स-लायब्ररीज’ या पर्यायांनी पत्ता सांगावा लागायचा. दोन, एक्सएफटी सापडलं का. एक्सएफटी म्हणजे गुळगुळीत अक्षरं काढणारी लायब्ररी. ती सापडली नाही तर ‘कॉन्फिगर’ अडत नाही, जुन्या पद्धतीच्या ठिपक्याठिपक्यांच्या फॉन्टवर जातं. बसवून झाल्यावर अक्षरं खडबडीत दिसली तर कारण बहुतेक वेळा हेच. ‘लिबएक्सएफटी-डेव्ह’ बसवून टीके पुन्हा कंपाइल करावं.

‘मेक टेस्ट’ बरेच जण गाळतात. टीकेची चाचणी चालते तेव्हा पडद्यावर खिडक्या भराभर उघडतात आणि मिटतात. त्या वेळी माउस आणि कीबोर्डला हात लावू नका, कारण फोकस हलला की काही चाचण्या उगाच नापास होतात. चाचणीलाही पडदा लागतो हे लक्षात ठेवा. नुसत्या टर्मिनलवर ती चालणार नाही.

इन्स्टॉल झाल्यावर आणखी एक काम हाताने करावं लागतं. प्रोग्रॅमचं नाव ‘विश८.६’ असं आकड्यासकट असतं. नुसतं ‘विश’ हवं असेल तर लिंक स्वतः टाकायची. हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. एका मशीनवर ८.५ आणि ८.६ शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात, आणि ‘विश’ म्हणजे कोणतं हे अ‍ॅडमिनने ठरवायचं.

चार शोध

पहिला शोध शेलचा. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये तुमचं ‘बिन’ फोल्डर नाही, एवढाच अर्थ. ते जोडा आणि पुढे चला.

दुसरा शोध लायब्रऱ्यांचा. विश सुरू होतं, पण ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’ म्हणून लगेच मरतं. इथे ‘एलडीडी’ ही आज्ञा विशवर चालवा. कोणती लायब्ररी कुठे सापडली आणि कोणती सापडली नाही याची यादीच ती देते. टीसीएलचं ‘कॉन्फिगर’ लिनक्सवर आणि सोलारिसवर लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतं, त्यामुळे स्वतः बसवलेल्या विशला सहसा ही अडचण येत नाही. ती येते फोल्डर हलवल्यावर. मग लोक लायब्रऱ्या कुठे शोधायच्या हे सांगणारा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हा व्हेरिएबल सेट करतात आणि ते थेट लॉगिनच्या फाइलीत टाकून मोकळे होतात. एवढं करू नका. हा व्हेरिएबल फक्त विशला लागू होत नाही, त्या लॉगिनमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतो. चिप डिझाइनची मोठी टूल्स अनेकदा आपली स्वतःची टीसीएल लायब्ररी बरोबर घेऊन येतात. त्या टूलचं फोल्डर या व्हेरिएबलमध्ये सर्वांसाठी घातलं की सिस्टमच्या गिटकेला चुकीची लायब्ररी मिळते आणि ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही असा माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. एका टूलसाठी लागणारा व्हेरिएबल त्या टूलला सुरू करणाऱ्या छोट्या शेल स्क्रिप्टमध्येच ठेवावा.

तिसरा शोध सर्वांत जास्त छळणारा. संदेश येतो की ‘वापरता येईल अशी इनिट.टीसीएल सापडली नाही’, आणि खाली फोल्डरांची यादी. ही यादी सोन्यासारखी आहे. लायब्ररीने कुठे कुठे शोधलं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. तिच्या शोधाच्या जागा ठरलेल्या आहेत: ‘टीसीएल_लायब्ररी’ व्हेरिएबलमध्ये सांगितलेली, प्रोग्रॅम जिथे आहे तिथून एक पायरी वर जाऊन ‘लिब’मधली, आणि कंपाइल करताना कोरलेली. म्हणजे ‘बिन’ आणि ‘लिब’ दोन्ही एकत्र हलवले तर बहुधा चालून जातं; नुसता विश उचलून दुसरीकडे ठेवला, किंवा पायथॉनच्या प्रोग्रॅमचं एकत्र गाठोडं बांधताना ही फोल्डर मागे राहिली, की हा संदेश हमखास.

कधी फाइल सापडते पण आवृत्ती जुळत नाही. ‘इनिट.टीसीएल’ आपल्या पहिल्या काही ओळींतच तपासते की मला वाचणारी लायब्ररी नेमकी माझ्याच आवृत्तीची आहे का. नसेल तर ‘व्हर्जन कॉन्फ्लिक्ट’ म्हणून थांबते. याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणी तरी ‘टीसीएल_लायब्ररी’ सर्वांसाठी सेट करून ठेवलेलं असतं आणि ते जुन्या फोल्डरकडे बोट दाखवतं. इथे नवीन काही सेट करायचं नसतं, जे सेट आहे ते काढायचं असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९.० मध्ये या स्क्रिप्ट्स झिप करून लायब्ररीच्या पोटातच ठेवायची सोय आली आहे, त्यामुळे तिसरा शोध बराचसा संपतो. पण ८ साठी कंपाइल केलेली एक्स्टेन्शन्स ९ मध्ये तशीच चालत नाहीत, पुन्हा कंपाइल करावी लागतात. जुन्या टूलशी नातं असलेल्यांनी ८.६ हाताशी ठेवावं.

चौथा शोध पडद्याचा. एक्समध्ये प्रोग्रॅम एका मशीनवर चालतो आणि खिडकी दुसऱ्या मशीनवर उमटू शकते. १९९० च्या लॅबमध्ये हे रोजचं होतं: मोठ्या सर्व्हरवर सिम्युलेशन, खिडकी आपल्या टेबलावरच्या वर्कस्टेशनवर. कोणत्या पडद्यावर उमटायचं हे ‘डिस्प्ले’ व्हेरिएबल सांगतो. तो रिकामा असेल तर टीके सांगतं की डिस्प्लेचं नाव नाही आणि तसा व्हेरिएबलही नाही. एसएसएचने गेलात आणि ‘-एक्स’ हा पर्याय दिला, तर एसएसएच हा व्हेरिएबल स्वतः सेट करतो, साधारणपणे लोकलहोस्ट:१०.० असा. त्यावर हाताने दुसरी किंमत लिहू नका. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये तसं सांगितलेलं असतं आणि त्याने चालू असलेलं बंद पडतं.

त्याच जुन्या मार्गदर्शिकांमध्ये आणखी एक सल्ला सापडतो: ‘एक्सहोस्ट +’ चालवा. म्हणजे आपल्या पडद्याचं दार जगाला उघडं. टीकेच्या बाबतीत हे विशेष धोक्याचं, कारण टीकेमध्ये ‘सेंड’ नावाची आज्ञा आहे. एकाच पडद्यावर चालणारा एक टीके प्रोग्रॅम दुसऱ्याला स्क्रिप्ट पाठवू शकतो आणि दुसरा ती चालवतो. एडिटरने डीबगरला सांगावं की अमुक ओळीवर थांब, अशा कामासाठी ही योजना होती आणि ती फार सुंदर आहे. पण दार उघडं असेल तर कोणीही तुमच्या प्रोग्रॅमला तुमच्या फाइली पुसायला सांगू शकेल. म्हणून दार असं उघडं असेल, किंवा एक्सहोस्टच्या यादीत एका जरी मशीनचं नाव असलं, तर टीके ‘सेंड’ स्वीकारत नाही. एक्स सर्व्हर असुरक्षित आहे, एक्सऑथ (गुप्त किल्ली पाहून परवानगी देणारी पद्धत) वापरा, असं स्पष्ट सांगतं. ही एरर बिघाडाची नाही. ‘एक्सहोस्ट -’ चालवून दार बंद करा आणि यादीतली मशीनची नावं काढा, काम होतं.

पायथॉनचं ‘_टीकिंटर’ याच रांगेत बसतं, फक्त शोध कंपाइल होतानाचा असतो. पायथॉन बांधताना टीकेच्या हेडर सापडल्या नाहीत तर तो ते मॉड्यूल गाळतो आणि शेवटी एका ओळीत तसं सांगतो. ती ओळ शेकडो ओळींत कोणाला दिसत नाही. ‘टीके-डेव्ह’ बसवून पायथॉन पुन्हा बांधावा. उबुंटूचाच पायथॉन वापरत असाल तर ‘पायथॉन३-टीके’ हे पॅकेज पुरतं.

स्क्रिप्ट स्वतःच्या पायावर

विश चालू झालं की आपली स्क्रिप्ट इतर आज्ञांसारखी चालावी असं वाटतं. आज पहिल्या ओळीत ‘एन्व्ह’मार्फत विशचं नाव लिहिलं की झालं. पण जुन्या स्क्रिप्टमध्ये एक वेगळाच प्रकार दिसतो आणि तो पाहून नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. पहिली ओळ म्हणते की ही साधी शेल स्क्रिप्ट आहे. दुसरी ओळ # ने सुरू होणारी टीप, पण तिच्या शेवटी उलटी तिरकी रेघ. तिसरी ओळ शेलला सांगते की आता विश सुरू कर आणि हीच फाइल त्याला दे.

शेलच्या लेखी टीप ओळ संपली की संपते, शेवटी तिरकी रेघ असो नसो. म्हणून शेल तिसरी ओळ चालवतं आणि विश सुरू होतं. विश तीच फाइल पहिल्यापासून वाचतं. पण टीसीएलच्या नियमाप्रमाणे तिरक्या रेघेमुळे टीप पुढच्या ओळीतही चालू राहते, त्यामुळे तिसरी ओळ त्याला टीपच वाटते आणि ते पुढच्या खऱ्या कोडकडे जातं. दोन भाषा एकच फाइल वाचतात आणि दोघींना हवं तेच दिसतं. याची गरज का पडली? जुन्या अनेक युनिक्समध्ये पहिल्या ओळीतला पत्ता ३२ अक्षरांच्या आत बसवावा लागायचा, आणि विश प्रत्येक लॅबमध्ये वेगळ्या, लांबलचक पत्त्यावर असायचं.

स्वतःची किंवा बाहेरची पॅकेजं दुसरीकडे ठेवली असतील तर टीसीएल ती ‘ऑटो_पाथ’ या यादीतल्या फोल्डरांमध्ये आणि त्यांच्या एक पायरी खालच्या फोल्डरांमध्ये शोधतं. बाहेरून भर घालायची तर ‘टीसीएलएलआयबीपाथ’ व्हेरिएबल. इथे एक खाच आहे. युनिक्सच्या सवयीने लोक दोन पत्त्यांमध्ये अपूर्णविराम देतात, पण ही टीसीएलची यादी आहे, तिला मधे मोकळी जागा लागते. अपूर्णविराम दिला तर एरर येत नाही, फक्त पॅकेज सापडत नाही, आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

होम फोल्डरमधल्या ‘.विशआरसी’ फाइलीत रोजच्या आवडीनिवडी ठेवता येतात. ती फक्त विश हाताने, आज्ञा टाइप करायला उघडलं तरच वाचली जाते. स्क्रिप्ट चालवताना नाही. हे योग्यच आहे, नाही तर तुमची स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर एक आणि दुसऱ्याच्या मशीनवर दुसरंच वागली असती. दिसण्याबद्दल म्हणाल तर करडी, उठावाची जुनी बटणं ८.५ पासून मागे टाकता येतात. तेव्हापासून टीटीके हा नवीन घटकसंच बरोबरच येतो आणि ‘क्लॅम’सारखी थीम निवडली की खिडकी आजची वाटते. फार बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर सगळं इवलंसं दिसत असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘टीके स्केलिंग’ वाढवावं.

बटणावर मराठी

टीसीएल १९९९ मधल्या ८.१ पासून आतून युनिकोड वापरते. तरीही मराठी मजकूर असलेली स्क्रिप्ट कधी कधी अगम्य खुणा दाखवते. ८.६ स्क्रिप्टची फाइल सिस्टमच्या एन्कोडिंगमध्ये वाचतं, आणि ते ‘लँग’ व्हेरिएबलवरून ठरतं. डेस्कटॉपवर ते सहसा यूटीएफ-८ असतं. पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) किंवा एखाद्या सर्व्हरवर ‘लँग’ नुसतं ‘सी’ असेल तर प्रत्येक देवनागरी अक्षराची तीन तीन लॅटिन चिन्हं होतात. विश सुरू करतानाच ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ असं सांगितलं की प्रश्न मिटतो. ९.० मध्ये फाइल मुळातच यूटीएफ-८ धरली जाते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. लिनक्सवर आणि इतर एक्स असलेल्या युनिक्सवर टीके ८.६ मजकुरातलं एकेक चिन्ह एक्सएफटीला देतं आणि ते ओळीने मांडलं जातं. इंग्रजीला एवढं पुरतं. देवनागरीला नाही. ‘कि’ लिहिलं तर वेलांटी क च्या आधी यायला हवी, ती नंतर येते. ‘क्ष’, ‘त्र’ जोडाक्षर होत नाहीत, हलन्त पायात घालून सुटे उभे राहतात. रफार आपल्या जागी जात नाही. फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. अक्षरं जुळवण्याची जी पायरी मधे लागते तीच इथे नाही. विंडोज आणि मॅकवर टीके ते काम तिथल्या सिस्टमवर सोपवतं, म्हणून तीच स्क्रिप्ट तिथे बरीचशी नीट दिसते. तेव्हा युनिक्सवर ८.६ मध्ये मराठी बटणं असलेला प्रोग्रॅम शाळेला, ग्रंथालयाला किंवा कार्यालयाला द्यायचा असेल, तर स्थिर मजकूर एखाद्या चित्रसंपादकात नीट जुळवून पीएनजी चित्र म्हणून बटणावर लावावा. ८.६ पासून टीके पीएनजी थेट वाचतं, त्यासाठी वेगळं पॅकेज लागत नाही.